सावकाश मॅडम आणि हरवलेली डिश

माझी ताई भित्री आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनी फार लवकर मान्य करून टाकलं होतं. गॅस पेटवताना ती अंग मागं घेऊन हात तेवढा पुढं करायची. रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरायची, आणि धाकटी मी होते. स्कूटर ती कधी शिकलीच नाही. लिफ्टमध्ये शिरली की आधी घंटेचं बटण कुठं आहे ते बघणार, मग मजला दाबणार. आई म्हणायची, "हिला पाठीलाही डोळे द्यायला हवे होते, म्हणजे सारखी मान तरी वळवावी लागली नसती."

अशा बाईनं आयुष्यभरासाठी काम कुठलं निवडावं? जीवशास्त्र शिकवायचं. तेही नुसतं फळ्यावर नाही.

अकरावी-बारावीच्या कॉलेजात बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवायची आणि सही घ्यायची, एवढंच असतं. ताईकडे मुलांना सगळं हातानं करावं लागे. कांद्याच्या मुळाचं टोक आम्लात मऊ करून काचेखाली दाबायचं आणि दुभंगणाऱ्या पेशी शोधत बसायचं. बटाट्याच्या चकत्या साखरेच्या पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा तोलायच्या. केळं कुस्करून, गाळून, त्यातला डीएनए पांढऱ्या शेवाळासारखा काडीवर गुंडाळून काढायचा. आणि हे चालू असताना ताई बाकांमधून फिरत एकच शब्द म्हणत राही, "सावकाश." काच उचलताना सावकाश, थेंब टाकताना सावकाश. मुलांनी तिचं नावच सावकाश मॅडम ठेवलं. एक पोरगा तिची हुबेहूब नक्कल करायचा: "सावकाश श्वास घ्या रे, हवा सांडेल!" ताईनं ते दाराआडून ऐकलं आणि घरी येऊन मला सांगताना स्वतःच हसत सुटली.

आई गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. दुकान कॉलेजच्या समोरच, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. म्हणून पुढचं जे घडलं त्यात मी ओढली गेले.

ताईचं सगळ्यात लाडकं प्रॅक्टिकल होतं जंतूंचं. तिला भीती वाटायची ती न दिसणाऱ्या गोष्टींचीच, आणि मला वाटतं, त्या एकदा डोळ्यांना दिसाव्यात म्हणूनच ती हे करायची. प्लास्टिकच्या चपट्या, झाकणाच्या डिश असतात. त्यांत पोषक जेलीचा थर ओतायचा. मुलांनी कापसाची काडी कुठंतरी फिरवायची, दाराच्या कडीवर, मोबाईलवर, बुटाच्या तळाला, आणि ती काडी जेलीवर हलकेच ओढायची. झाकण लावून वर चिकटपट्टी. ते झाकण पुन्हा उघडायचं नाही, हा पहिला नियम आणि हाच शेवटचा. डिश मग इन्क्युबेटरमध्ये जायच्या. इन्क्युबेटर म्हणजे ठरावीक ऊब धरून ठेवणारं कपाट. ताई ती ऊब माणसाच्या अंगाहून कमीच ठेवायची, कारण ज्यांना आपल्या अंगाची ऊब मानवते तेच जंतू आपल्याला त्रास देतात. बघून झालं की सगळ्या डिश जंतुनाशकात बुडवून, मोठ्या कुकरमध्ये शिजवून, मगच कचऱ्यात. एवढं सगळं ती करायची. फक्त इन्क्युबेटरला कुलूप नव्हतं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. उत्तर येत असलं तरी तोंडातल्या तोंडात द्यायची, म्हणून सगळे तिला पुटपुट म्हणत. बाकी मुलांनी मोबाईल आणि बूट घेतले, हिनं प्रयोगशाळेतल्या सिंकच्या जाळीवर काडी फिरवली. दोन दिवसांनी सगळ्यांच्या डिशमध्ये पिवळट, पांढुरके ठिपके आले. पुटपुटच्या डिशमध्ये डाळिंबाचे दाणे विखुरल्यासारखे लालभडक ठिपके उमटले होते. सगळा वर्ग गोळा झाला. ताई म्हणाली, "या वर्षीची सगळ्यात देखणी डिश हिची."

पोरगी पहिल्यांदाच मान वर करून हसली म्हणे.

तो लाल जंतू ताईला माहीत होता. ओलसर मोरीत, सिंकमध्ये तो राहतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण आजारी माणसाच्या, अगदी लहान बाळाच्या वाट्याला गेला तर घात करतो. हे ती दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगणार होती. तास संपत आला होता, घंटा झाली आणि ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं इन्क्युबेटर उघडलं तर लाल डिश नव्हती.

लॅबवाल्या काकांनी कचऱ्याचे डबे उपसले, सिंकखालचं कपाट बघितलं. वर्गातली मुलं शपथा घ्यायला लागली. पुटपुट आली नव्हती. तिच्या शेजारी बसणारी मुलगी शेवटी म्हणाली, "मॅडम, काल तिच्या डब्याच्या पिशवीत काहीतरी गोल होतं. मी विचारलं तर म्हणाली, आईला दाखवायचंय."

"मग आज का नाही आली?"

"घरी बाळ आलंय ना तिच्या. भाऊ. दिवस भरायच्या आधीच झालाय. परवाच दवाखान्यातून घरी आणलाय, आईला मदत लागते."

ताई हाताशी आलेल्या स्टुलावर बसली.

ती आधी प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "एक प्लास्टिकची डबी, मॅडम! फुटली, टाकून दिली, असं लिहा आणि मोकळ्या व्हा. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन उभ्या राहिलात तर उद्या त्या बाळाला शिंक आली तरी कॉलेजच्या नावानं बोंब होईल."

"सर, पण शिंक नाही आली आणि दुसरंच काही झालं तर?"

"तुम्हाला ना, सगळीकडे भूत दिसतं."

मी काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होते. वर बघितलं तर समोर ताई. अंगात लॅबचा पांढरा कोट तसाच. मोठा रस्ता ती एकटी ओलांडून आली होती.

"गाडी काढ," ती म्हणाली.

पुटपुटच्या घरची गल्ली वर्कशॉपांची होती. दोन्ही बाजूंना लोखंडाचे सांगाडे टेकवलेले, कुठं घण पडतोय, कुठं निळ्या ठिणग्या उडतायत. पुटपुटचा बाप वेल्डर. पुढं त्याचं वर्कशॉप आणि मागं राहायची खोली, मध्ये एक पडदा. कपाळावर काळा चष्मा सरकवून तो आमच्याकडे बघत राहिला. पोरीचे मार्क कमी पडले असं त्याला वाटलं असावं.

"काय केलंय हिनं?"

पडद्यामागून पुटपुट बाहेर आली. ओले हात, बाह्या वर दुमडलेल्या. ताईला बघताच तिचा चेहरा उतरला. "मॅडम, मी परत आणणार होते. खरंच आणणार होते."

"ते जाऊ दे. कुठाय?"

खोलीत एका भिंतीला पलंग, त्यावर तिची आई आणि कुशीत कापडात गुंडाळलेलं बाळ. समोर ओटा. ओट्यावरच्या फळीवर बाळाची बाटली, वाटी-चमचा उपडे घातलेले आणि त्यांना खेटूनच ती डिश. लाल ठिपके आता फुगून एकमेकांना चिकटले होते. चिकटपट्टी एका बाजूनं लोंबत होती.

ताईनं डिश उचलली नाही. आधी पिशवी काढली, हातमोजे घातले. दुसरा मोजा तिला चढेना, तो मला चढवावा लागला.

"झाकण कोणी उघडलं?"

"मीच," वेल्डर हसत म्हणाला. "ही म्हणाली, मी वाढवलंय. म्हटलं बघू तरी पोरगी कॉलेजात काय वाढवते. मला वाटलं जेली. बोट लावून बघितलं. खाल्लं नाही हां!"

"हात धुतलेत?"

"हात..." तो जरा थांबला. "पुसले असतील पँटला."

"त्यानंतर बाळाला घेतलंत?"

वेल्डरनं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "काम आटोपलं की घेतातच ते त्याला. पण बाळ छान आहे की. आज तर फार शहाण्यासारखा झोपलाय. सकाळपासून रडणं नाही, दूध मागणं नाही."

ताईनं ती डिश पिशवीत घालून गाठ मारली होती. हे ऐकून ती जागच्या जागी थिजली. मोजे काढून तिनं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि दोन बोटांनी बाळाच्या पावलाला स्पर्श केला. मलाही बोलावलं. पाऊल गार होतं. छातीशी धरलेल्या बाळाचं असतं तसं नाही, फरशीसारखं गार. मी पायाला जरा गुदगुल्या केल्या. पाय आखडला नाही.

"ताप नाहीये ना पण?" आई म्हणाली.

"एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही," ताई म्हणाली. "ती गार पडतात आणि दूध सोडतात. आत्ता दवाखान्यात चला."

वेल्डरचं हसू गेलं. "ओ मॅडम, बाळंतीण बाई आहे ती. तिला उगाच घाबरवू नका."

माझी ताई कुणाला उलट बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाही तिचा आवाज चढला नाही, उलट फाटला. "मी घाबरलेय. तुम्हीही घाबरा. नंतर मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आत्ता निघा."

तो निघाला. शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं आपली गाडी काढली. मी आणि ताई स्कूटरवरून मागं. ती पिशवी ताईनं माझ्या पाठीपासून लांब, एका हातात बाजूला धरली होती आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा. तिची नखं कपड्यातून रुतत होती.

बाळांच्या विभागात डॉक्टरीणबाईंनी बाळाला बघितलं आणि त्यांचं बोलणं एकदम तुटक झालं. नर्स धावली. बाळ आत गेलं. मग त्या वहीपेन घेऊन बाहेर आल्या, "केव्हापासून दूध घेत नाही? घरात कोणी आजारी?"

मी ताईचा दंड चिमटला. कानात म्हटलं, "दूध घेत नाही एवढंच सांग. बाकी त्यांचं ते शोधतील." पुढचं सगळं वाईट मला दिसत होतं: ताईची नोकरी जाणार, पोलीस येणार, आणि हा दणकट वेल्डर. ताईनं माझा हात बाजूला केला आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"हे माझ्या प्रयोगशाळेतून यांच्या घरी गेलं. मला नुसत्या रंगावरून नक्की सांगता येणार नाही. पण सिंकमधून घेतलंय आणि मला कुठल्या जंतूचा संशय आहे ते सांगते." तिनं नाव सांगितलं. कधी लावलं, किती उबेत ठेवलं, कोणी उघडलं, बाळाच्या बाटलीशेजारी कसं होतं, सगळं सांगितलं. वेल्डर शेजारीच उभा होता. डिशमध्ये नेमकं काय आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्यानं आपल्या उजव्या हाताचं बोट बघितलं. मग तो हात त्यानं पाठीमागं नेला, आणि तिथं होतो तोवर पुढं आणला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उजेडात धरली. "हे सांगितलंत ते बरं केलंत. औषध निवडताना उपयोग होईल."

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. बाळाचं थेंबभर रक्त घेतलं होतं आणि ते तिथल्या प्रयोगशाळेत वाढायला ठेवलं होतं. ताई वर्गात करते तेच काम, फक्त आता डिशभोवती गोळा व्हायला मुलं नव्हती. ताई कॉलेज सुटलं की थेट तिथं जाऊन बाहेरच्या बाकावर बसे. मी डबा नेई, तो तसाच परत आणी. आतून नर्स बाहेर आली की ताई अर्धवट उठे आणि नर्स दुसऱ्याच कुणाला हाक मारून आत गेली की पुन्हा बसे. जेवताना, केस विंचरताना मध्येच थांबून म्हणे, "आता दिसायला लागलं असेल." मी म्हणे, "किंवा नसेल." ती म्हणे, "हो, किंवा नसेल." आणि कंगवा हातात तसाच.

पुटपुट तिच्या शेजारी येऊन बसायची. एकदा पोरीनं विचारलं, आणि त्या वेळी तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला, "मॅडम, मी मारलं का त्याला?"

"तो जिवंत आहे. आत आहे."

"पण काही झालं तर मीच ना?"

"डिश देखणी आहे असं मी म्हणाले होते," ताई म्हणाली. "ती घातक ठरू शकते हे सांगायचं मी उद्यावर टाकलं. यात तुझ्या वाट्याला येईल त्याहून जास्त तू घेऊ नकोस."

पोरीला ते पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

रक्तात काही वाढलं नाही.

मी आनंदानं ताईला मिठीच मारणार होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचा अर्थ काही नव्हतंच असा नाही. एवढ्याशा रक्तात कधी सापडतं, कधी निसटतं. आणि दिवस न भरलेली मुलं दुसऱ्या कारणांनीही अशी गळून जातात."

"म्हणजे माझ्या डिशमुळे झालं की नाही?" ताईनं विचारलं.

"माहीत नाही. आता कळणारही नाही."

बाळाला मात्र औषध लागू पडलं. आधी पावलं कोमट झाली, मग त्यानं सुई टोचल्यावर रडायला सुरुवात केली. ते रडणं ऐकून त्याची आई हसत होती आणि आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. बाळ बाटली ओढायला लागलं तेव्हा त्याला घरी सोडलं.

कॉलेजात ताईनं झालेलं सगळं आपल्या हातानं लिहून दिलं. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला अडकवलंत." जंतूंचं प्रॅक्टिकल बंद झालं, इन्क्युबेटर अडगळीच्या खोलीत गेलं, ताईला ताकीद मिळाली. स्टाफरूममध्ये ती आली की बोलणी थांबत. ती भांडली नाही. पण घराची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जाऊ लागली. तिला खात्री होती, एक दिवस वेल्डर येणार.

तो आला, पण कॉलेजात. शिपाई धावत सांगायला आला, "मॅडम, तो वेल्डर आलाय. बाहेर नका येऊ, मी सरांना बोलावतो." ताईनं मला नंतर सांगितलं, ती बाहेर गेली, कारण आत थांबणं जास्त भीतीचं वाटलं.

तो व्हरांड्यात टोपी चुरगाळत उभा होता. म्हणाला, "मॅडम, मला कोणी नीट सांगत नाही. माझ्या बोटानं झालं का?"

"माहीत नाही."

"मी उचलतच नाही हो त्याला आता. बायको म्हणते, घ्या की. मी म्हणतो, हात काळे आहेत, कपडे मळलेत. रोज काय काय सांगू?"

ताईनं त्याला लॅबमध्ये नेलं. त्याच सिंकपाशी, ज्याच्या जाळीवरून तो जंतू आला होता. जाळी आता नवी बसवली होती. तिनं नळ सोडला आणि त्याला हात धुवायला शिकवलं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याची मुळं, नखांची टोकं. लोखंडाचा काळा रंग त्याच्या कातडीत मुरलेला होता, तो निघाला नाही. तो घाबरून म्हणाला, "हे बघा, राहिलंच." ताई म्हणाली, "तो रंग आहे. रंगाला घाबरायचं नाही." मग म्हणाली, "कपाटाला कुलूप लावायचं काम माझं होतं. ते मी केलं नव्हतं. तुमच्या घरी जेली आली ती तिथून. तुम्ही पोरीचं कौतुक करायला बोट लावलंत."

तो हात सुकेपर्यंत हवेत धरून उभा राहिला आणि तसाच गेला.

पुटपुटनं वर्ष पूर्ण केलं. पण प्रॅक्टिकलला ती बाकापासून हातभर लांब उभी राहायची. परीक्षेला तिला कांद्याच्या मुळाची स्लाईड आली. झाकणकाच ठेवताना दोनदा फुटली. तिसरी तिनं ठेवली, पेशी दाखवल्या, पास झाली. पुढं मात्र तिनं हिशोबाचं शिक्षण घेतलं. ताईनं एकदाच विचारलं, का गं? ती म्हणाली, "मॅडम, आकडे बोटाला लागून घरी येत नाहीत."

तिच्या हाताखालून गेलेली ती सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती, असं ताई आजही म्हणते.

पुढं नवे प्राचार्य आले, त्यांनी जंतूंचं प्रॅक्टिकल पुन्हा सुरू करायला सांगितलं. ताई नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं इन्क्युबेटर पुसून घेतलं, त्याला कुलूप बसवलं, किल्ली गळ्यात अडकवली, आणि जेली ओतण्याआधी लाल जंतूचा धडा घेतला. भीती कमी झाली का, असं मी विचारलं. "छे," ती म्हणाली, "उलट आता तिला चेहरा आहे."

तो चेहरा आमच्याच भागात राहतो. चांगला दणकट झालाय, शाळेत जातो, रस्त्यानं दगड उडवत चालतो. तो दिसला की ताई बोलत बोलत थांबते आणि तो नजरेआड होईपर्यंत त्याची चाल, त्याचा रंग न्याहाळत राहते. कधी त्याच्या जवळ मात्र जात नाही.

परवा तो बापाबरोबर दुकानात आला होता. नाक वाहत होतं, खोकत होता. चारचौघा पोरांना होतो तसला साधा खोकला. मी औषध दिलं, दिवसातून किती वेळा घ्यायचं ते बाटलीवर लिहिलं. घरी गेल्यावर ताईनं नेहमीसारखं विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि जेवायला वाढलं.